आठ शिपाई, एक खेचर आणि दलदलीतली मढी

माणशी साडेचारशे रुपये, एक चहा किंवा कॉफी त्यातच, बाकी खाणं वेगळं. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, दातांच्या दवाखान्यावर पहिल्या मजल्यावर हा गेम कॅफे आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे रोमन शिपायांचा आणि भुताखेतांचा खेळ चालतो. एक लांब टेबल, फासे, कागद आणि गोष्ट चालवणारा तिशीतला पोरगा, एवढाच सरंजाम. पैसे वसूल होतात का, तर पहिले तीन तास पुरेपूर होतात. चौथ्या तासाचं पुढे सांगतो.

मला भाचीने ओढून नेलं. "मामा, तुम्ही फौजेतले, तुम्हाला आवडेलच," असं तिचं म्हणणं. फौजेवरचं काहीही दाखवायला लोक मला असंच नेतात आणि मी बहुतेकदा मधेच उठून बाहेर विडी ओढत उभा राहतो. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झालो आणि सुभेदार होऊन घरी आलो. त्या सगळ्या नोकरीत मी जास्तीत जास्त काय केलं असेल तर वाट पाहिली, खड्डे खणले आणि सामान मोजून सह्या केल्या. पडद्यावरच्या फौजेत सामान कोणी मोजतच नाही. या पोराच्या खेळात मोजतात, आणि तिथेच त्याने मला धरलं.

गोष्ट खऱ्या मोहिमेवर बेतलेली आहे. इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या ट्युटोबर्गच्या जंगलात वारुस नावाचा रोमन सेनापती तीन लीजन घेऊन शिरला आणि सगळ्यांसकट संपला. लीजन म्हणजे साधारण पाच हजारांची पलटण. दगा दिला आर्मिनियसने, जो रोमन फौजेतच तयार झालेला जर्मन सरदार होता. सतरावी, अठरावी, एकोणिसावी या त्या तीन लीजन. हे नंबर रोमनांनी पुन्हा कुठल्याही पलटणीला दिले नाहीत. रेजिमेंटचा नंबर म्हणजे काय, हे एखाद्या जुन्या फौजीला विचारून बघा, मग कळेल ही केवढी गोष्ट आहे. सहा वर्षांनी जर्मनिकस हा रोमन सेनापती तिथे पोचला तेव्हा रानात पांढरी पडलेली हाडं विखुरलेली होती आणि झाडांच्या खोडांना कवट्या ठोकलेल्या होत्या. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय, पोराला पदरचं काही घालावं लागलेलं नाही.

त्याच मोहिमेतून परतताना कैकिना नावाचा एक म्हातारा सेनापती चार लीजनसह दलदलीतल्या जुन्या लाकडी वाटेवर अडकतो. चाळीस वर्षं नोकरी झालेला माणूस. खेळ इथे सुरू होतो. आपण कोणी सेनापती-बिनापती नाही. आपण एका तंबूतले आठ शिपाई. रोमन फौजेत आठ जणांचा एक तंबू असायचा, सामानाला एक खेचर आणि दळायला एक जातं. आम्ही टेबलावर सहाच होतो: मी, भाची, इंजिनिअरिंगची दोन पोरं, इंदिरानगरला मेडिकल चालवणाऱ्या एक ताई आणि त्यांचा अख्ख्या संध्याकाळीत चार वाक्यं बोललेला नवरा. उरलेले दोन शिपाई पोरगा चालवणार होता. हे दोघं पहिल्यांदा मरणार, हे सगळ्यांनी मनातल्या मनात ओळखलं होतं. तसंच झालं.

प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. त्यावर नाव, वय, नोकरीची वर्षं आणि खाली पगाराचा हिशोब. वर्षाला २२५ दिनार, तीन हप्त्यांत. त्यातून धान्य कापलं, कपडे कापले, हत्यारं कापली. माझ्या शिपायाच्या हातात जे उरलं होतं ते बघून मी मोठ्याने हसलो. इंजिनिअरिंगवाल्याला वाटलं कार्डात छपाईची चूक आहे. मी म्हटलं, बाळा, चूक नाही, याला पे-स्लिप म्हणतात.

खेळाची खरी करामत घेवड्याच्या दाण्यांत आहे. टेबलाच्या मधोमध स्टीलच्या वाटीत काळे दाणे ठेवलेले असतात. हा आठ जणांचा शिधा. रोज रात्री माणशी एक दाणा खायचा, म्हणजे वाटीतून काढून पोराच्या डब्यात टाकायचा. नाही खाल्ला तर दुसऱ्या दिवशी फासा एकाने कमी. इथवर सोपं आहे. मग दुसऱ्या रात्री दलदलीतून वारुसची माणसं उठतात. सहा वर्षं चिखलात पडलेली, अंगावर आपल्यासारखंच चिलखत, पायात आपल्याच खिळ्यांच्या चपला. ती हल्ला करत नाहीत. खंदकाच्या पलीकडे रांगेत उभी राहतात आणि आपल्या तंबूतल्या माणसांची नावं पुकारतात, हजेरी घेतल्यासारखी. त्यांना परत पाठवायचं तर एकच उपाय: त्यांच्याकडे पाठ करून काळा दाणा खांद्यावरून मागे फेकायचा आणि वळून बघायचं नाही.

हाही पोराच्या डोक्यातला शोध नाही. रोमन लोक मे महिन्यात घरातल्या अतृप्त मेलेल्यांसाठी लेमुरिया पाळायचे. घरचा कर्ता पुरुष मध्यरात्री अनवाणी उठायचा, काळे दाणे मागे टाकायचा आणि मी मला आणि माझ्या माणसांना यांनी सोडवतो, असं नऊ वेळा म्हणायचा. रामकुंडावर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता वाटीत बघा. तोच दाणा पोटाला, तोच दाणा भुताला. मेडिकलवाल्या ताईंनी त्या दुसऱ्या रात्री सढळ हाताने तीन दाणे मागे फेकले. फरशीवर ते टणटण उडत फ्रिजखाली गेले. तिसऱ्या रात्री वाटीत पाच दाणे उरले, माणसं सहा, आणि पलीकडे हजेरी सुरूच. टेबलावर कोणी बोलेना. त्या चार वाक्यंवाल्या नवऱ्याने वाटी स्वतःकडे ओढली आणि वर हात ठेवला. बायकोने त्याच्याकडे जे बघितलं ते बघायलाच मी साडेचारशे दिले असते.

खंदकाचंही तसंच. मुक्कामाला पोचलं की आधी खंदक आणि बांध, मग जेवण, हा रोमन फौजेचा नेम. दमलेले असाल तरी खणायचं. पोराने नियम असा ठेवलाय की खणलं तर थकवा वाढतो, नाही खणलं तर रात्र उघड्यावर. इंजिनिअरिंगच्या दोघांना खणण्यात वेळ घालवायचा नव्हता, त्यांना तलवार चालवायची होती. मी आणि भाची खणत राहिलो. खऱ्या मोहिमेत जर्मनांनी आजूबाजूचे ओढे वळवून पाणी सखल भागात सोडलं होतं आणि केलेलं काम वाहून गेल्यावर शिपायांना ते दुप्पट करावं लागलं होतं. पोराने नेमकं तेच केलं. आमचा बांध गेला. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहीत नाही, पण शेजारच्या टेबलावर पत्ते खेळणाऱ्या मुलींनी मान वर केली.

सगळ्यात झणझणीत भूत मात्र एका माणसाचं आहे. ल्युसिलियस नावाचा एक सेंच्युरियन होता, ऐंशी शिपायांवरचा अंमलदार. सेंच्युरियनकडे द्राक्षवेलीच्या लाकडाची छडी असायची. हा शिपायांच्या पाठीवर छडी मोडेपर्यंत मारायचा आणि मग ओरडायचा, "दुसरी आण!" तेच त्याचं टोपणनाव पडलं. इसवी सन १४ मध्ये पॅनोनिया या रोमन प्रांतातल्या बंडात त्याच्याच शिपायांनी त्याला ठार केलं. पोराने त्याचं मढं उचलून जर्मनीच्या दलदलीत आणलंय. इतिहासाला हे धरून नाही, पण मी माफ केलं. कारण धुक्यात आधी फक्त काठी मोडल्याचा आवाज येतो (पोरगा टेबलाखाली खरोखरची वाळकी काटकी मोडतो) आणि मग हळू आवाजात, "दुसरी आण." आमच्या बॅटरीत, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीत, एक उस्ताद होता. पाठीवर पिठ्ठू चढवून दुपारच्या उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचा, आणि आपण पडलो की तोही असंच काहीसं म्हणायचा. त्या काटकीच्या आवाजाला माझी पाठ आपोआप ताठ झाली. भाची म्हणते, मामा, तुम्ही सावधानमध्ये बसला होतात.

पहाऱ्याचा नियम कडक आहे. पहाऱ्यावर शिपाई झोपला तर त्याच्याच सोबत्यांनी त्याला दांडक्यांनी मारायचं, ही रोमनांची खरी शिक्षा. फासा पडला नाही आणि इंजिनिअरिंगवाला झोपला. आता टेबलावरच्या बाकीच्यांनी ठरवायचं. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना नेणार असाल तर हे आधी ध्यानात घ्या.

आणि घोडा. रात्री एक सुटलेला घोडा छावणीतून पळतो, कोणाला तरी धडकतो, आणि सगळ्या फौजेला वाटतं शत्रू आत घुसला. सगळे दरवाजाकडे धावतात. कैकिना ओरडून थकतो, हात धरून अडवतो, शेवटी दरवाजातच आडवा पडतो: जायचं तर मला तुडवून जा. टॅसिटसने हे जसं सांगितलंय तसंच पोरगा सांगतो, एकही भूत न घालता, आणि मग विचारतो, "तुम्ही थांबता का?" अंधारात खोट्या बातमीवर धावलेली माणसं मी पाहिली आहेत. इतका खरा प्रसंग मला कुठल्याच युद्धपटात दिसला नाही.

मग येतो चौथा तास. एवढं सगळं जमवून आणल्यावर पोराला शेवटी मोठा राक्षस हवासा वाटतो. दलदलीतून सात डोक्यांचा साप निघतो, एक डोकं तोडलं की दोन येतात. बस, सगळी भट्टी बिघडली. इंजिनिअरिंगवाले खूश, फाशांवर फासे, आकड्यांची बेरीज, डाव्या डोक्याला किती, उजव्याला किती. दाण्यांची वाटी कोपऱ्यात पडून राहिली. ग्रीकांचा हा साप जर्मनीत काय करतो, हा प्रश्न मी सोडून देतो. पण जो राक्षस फासे टाकून मरतो त्याची भीती वाटत नाही. खंदकापलीकडे उभा राहून नाव पुकारणाऱ्याची वाटते.

मी पोराला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, सापच पाहिजे असेल तर रोमनांच्या घरचा आहे की. रोम आणि कार्थेजमधल्या पहिल्या प्युनिक युद्धात रेग्युलुस या रोमन सेनापतीची फौज आफ्रिकेत बाग्रादास नदीवर होती, तेव्हा एका अजस्र सापाने शिपायांना पाण्यापर्यंत जाऊ दिलं नाही. भाले लागेनात. शेवटी दगडफेकी यंत्रं लावून त्याला मारला आणि एकशेवीस फुटांचं कातडं रोमला पाठवलं, अशी त्यांची कथा आहे. म्हणजे साप कोणी मारला? तोफखान्याने. पोरगा हसला आणि वहीत लिहून घेतलं. अजून एक, घोडेस्वाराचा पाय रिकिबीत अडकवू नकोस, रोमनांकडे रिकीब नव्हती. तेही लिहून घेतलं. पोराला सांगितलेलं राग न येता ऐकता येतं, हे मला आवडलं.

पगाराची नाणी म्हणून तो टिबेरियसच्या दिनाराच्या झेरॉक्स कापून देतो. सम्राट बरोबर निवडलाय, पण नाशिकमध्ये बसून झेरॉक्स? सिन्नरकडच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, नहपान या क्षत्रप राजाची. एका बाजूला राजाचा मुखवटा रोमन नाण्याच्या वळणाचा, भोवती मोडकीतोडकी ग्रीक अक्षरं. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला. शत्रूचं तोंड तसंच ठेवून वर आपला शिक्का! अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात जाऊन पोराने एकदा नाणी बघून यावीत, आणि पुढची गोष्ट आपल्याच मातीत घडवावी. पांडवलेण्यांत एका यवनाने, म्हणजे ग्रीकाने, कोरवून घेतलेलं लेणं आहे, लेख अजून वाचता येतो. रात्री त्या लेण्यात अडकलेले आठ यवन भाडोत्री शिपाई, एवढं बीज त्याला फुकट दिलंय.

खाण्याचं सांगायचं तर पेरीपेरी फ्राईज गार होत्या आणि मोमोची चटणी नुसती लाल होती, तिखट नव्हती. नाशिकमध्ये लाल दिसणाऱ्या गोष्टीने तिखट असायला हवं एवढी साधी अपेक्षा आहे. कॉफी बरी. खाऊनच जा. एसी टेबलाच्या एका टोकावर थेट येतो, ती खुर्ची तरण्या पोरांना द्या. जिन्यात दिवा नाही. गाडी दवाखान्यासमोर लावू देत नाहीत, चारचाकी असेल तर मुख्य रस्त्यावरच जागा शोधावी लागते आणि शनिवारी संध्याकाळी ती मिळत नाही. आम्ही स्कूटरवर गेलो म्हणून निभावलं.

टेबल आठ जणांचं आहे, पूर्ण आठ जण जमवून जा. बुकिंग करताना पोराला स्पष्ट सांगा की सातडोक्या साप नको, दाणे आणि हजेरीच शेवटपर्यंत चालव. मी पुढच्या महिन्याच्या शनिवारचं तसंच सांगून ठेवलंय. तोफखान्यातले जुने सोबती येणार आहेत, दोन जागा रिकाम्या आहेत. ज्यांना खंदक खणायचा कंटाळा नाही त्यांनीच कॅफेत नाव द्यावं.