कंपनी गेली म्हणून स्वस्त

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डने भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधे जेमतेम सात आठवडे. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझे पाच लाख साठ हजार गेले ते याच सात आठवड्यांच्या फटीतून.

मी मुलुंडला राहतो, गाव गुहागर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना अशा तीन फेऱ्या ठरलेल्या. आईचे गुडघे धरल्यापासून तिला एसटीची पायरी चढवेना, आणि मुंबई-गोवा महामार्गाबद्दल कोकणी माणसाला मी काय सांगणार. उंच सीटची, खड्ड्यात पोट न घासणारी गाडी हवी होती आणि कर्ज धरून सहा लाखांची तयारी होती. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली तेव्हापासून माझ्या डोळ्यांत भरलेली. चार मीटरच्या आतली, तरी खाली २०० मिलिमीटर मोकळी जागा, मागच्या दारावर ऐटीत लटकवलेली स्टेपनी. नवी असताना परवडली नाही. कंपनी गेल्यावर जुन्या गाड्यांचे भाव उतरले आणि माझी हाव वर आली.

मी आंधळेपणाने गेलो नाही, हे मुद्दाम सांगतो. दोन महिने अभ्यास केला. जुन्या पेट्रोल ऑटोमॅटिकमधला ड्युअल क्लच गिअरबॉक्स डोकेदुखी, म्हणून ती बाद. नोव्हेंबर २०१७ च्या फेसलिफ्टनंतर आलेलं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन ताकदवान, पण त्याचा टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत चालतो, चुकीचं ऑइल पडलं तर संपलंच. शेवटी दीड लिटरचं १०० पीएस डिझेल, मॅन्युअल, यावर बोट ठेवलं. त्यातही बेल्टच, पण कोरडा. पार्ट मिळतात का, सर्व्हिस कोण करतं, सगळं विचारून झालं. कंपनीने कारखाने बंद केले तरी सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवले आहेत, हेही पक्कं केलं. मॉडेलबद्दल मला कोणी मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी उत्तर दिलं असतं. ज्या एका गाडीला मी पैसे मोजणार होतो, तिच्याबद्दल मात्र काहीच माहीत नव्हतं.

डीलर लिंक रोडवरचा, मराठीच. डिसेंबर २०२३. गाडी २०१८ ची, टायटॅनियम व्हेरियंट, पांढरी, मीटरवर ४६,२०० किलोमीटर, नंबर एमएच ०८. आमच्या रत्नागिरीचा नंबर! तो बघूनच, गाडी विकत घ्यायला गेलेला मी निम्मा विकला गेलो. "दादा, तुमच्याच गावाकडची आहे. रत्नागिरीच्या डॉक्टरांची. दवाखाना ते घर, बस." मी लगेच गाव, तालुका, पाव्हणे-रावळे काढत बसलो. तो ऐकत होता. चहा मागवला.

आता गंमत बघा. मला ज्याची भीती होती त्याच विषयावर तो तासभर बोलला. पार्ट? त्याने क्लच आणि शॉकअबसॉर्बरची बिलं काढून दाखवली. मेकॅनिक? तीन नंबर दिले. मी खूश. आणि जिथे जिथे गाडी स्वतः काही सांगू पाहत होती, तिथे तिथे त्याने तेच एक झाकण ठेवलं. भाव बाजारापेक्षा लाखभराने कमी कसा? "कंपनी गेली ना दादा." कंपनीचा टचस्क्रीन काढून लोकल अँड्रॉइड स्क्रीन का बसवलाय? "ओरिजिनल आता मिळत नाही." सर्व्हिस रेकॉर्ड? "ज्या सेंटरला गाडी जायची तेच बंद झालं, कुठून आणू?" सगळी उत्तरं पटण्यासारखी. कारण कंपनी गेली हे खरंच होतं. साफ खोटं पकडता येतं हो. हे खऱ्याच्या पाठीवर बसून आलेलं खोटं होतं.

आत नवी कोरी सीट कव्हर, दारापासून दारापर्यंत चिकटवलेली सेव्हन-डी मॅट, आणि डोकं उठेल असा परफ्यूम. मला वाटलं, हौशी माणूस असणार डॉक्टर.

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघितलं. कर्ज नाही, ब्लॅकलिस्ट नाही, चलन नाही. दुसरा मालक ठाण्याचा. सगळं स्वच्छ. गाडी पाण्यात बुडाली होती का, याचा रकाना तिथे नाही, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. जुनी गाडी बघताना डिकीतली स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, पाणी शिरलं असेल तर गंज-गाळ तिथे सापडतो, असं माझा मेहुणा नेहमी सांगतो. इकोस्पोर्टची स्टेपनी बाहेर दारावर. तो खड्डाच नाही. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मग काय बघायचं?" आणि आम्ही दोघे हसलो.

सहा महिने गाडी गुणी मुलासारखी वागली. शिमग्याला जाऊन आलो. कोरड्या हवेत हा आजार दिसत नाही, डिसेंबरात अशा गाड्या बाहेर निघतात त्या उगाच नाही.

जून २०२४ च्या पहिल्या ओल्या आठवड्यात दार उघडलं तर आत भिजलेल्या गोणपाटाचा वास. काचा आतून धुकटलेल्या. मग सेंट्रल लॉक आपोआप खट-खट करू लागलं. एका रात्री दोन वाजता हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. अख्खी बिल्डिंग गॅलरीत, सेक्रेटरी बनियनवर खाली, आणि मी बॅटरीचा नट सोडवतोय. तोपर्यंत हा विनोद होता. पंधरा दिवसांनी आईला घेऊन गावी निघालो आणि माणगावच्या पुढे वळणावर स्टेअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. या गाडीचं पॉवर स्टेअरिंग विजेवर चालतं. समोरून ट्रक नव्हता, एवढंच. आई मागे जप करत होती, तिला कळलंही नाही. मी अर्धा तास बाजूला थांबलो, हात थरथरत होते, तिला सांगितलं चहा पिऊ.

भांडुपच्या गॅरेजमध्ये गाडी लावली. मेकॅनिक मूळचा खेडचा. त्याने आधी किल्ली फिरवली आणि मीटरकडे बोट दाखवलं. "काका, किल्ली दिल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला पाहिजे. तुमचा लागतच नाही." दिवा लागत नाही म्हणजे दोष नाही, अशी माझी समजूत. त्याचा अर्थ उलटा होता, दिवा कोणीतरी मारून टाकला होता. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स मधल्या कन्सोलखाली, फरशीला लागून बसतो. पाणी पहिल्यांदा तिथेच. स्कॅनर लावला तर त्याचा पत्ताच लागेना. सहा महिने आईला मी एअरबॅग नसलेल्या गाडीत फिरवत होतो.

मग त्याने सीटबेल्ट धरला आणि पूर्ण, अगदी शेवटपर्यंत, बाहेर ओढला. आपण बेल्ट कधी पूर्ण ओढतो का? शेवटच्या हातभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती, जशी पुरानंतर भिंतीवर उरते तशी. ड्रायव्हर सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले, त्यावर पुन्हा काळा रंग. ग्लोव्ह बॉक्स काढून मागचा फ्यूज बॉक्स दाखवला. पिनांवर तांब्या-पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक. शेवटी सेव्हन-डी मॅट कापली, मूळ कार्पेट उचललं, आणि खालच्या फोममधून त्याने चिमूटभर गाळ काढून बोटांत चोळला. मऊ, तांबूस.

"ही मुंबईची घाण नाही काका. हिंदमाताला बुडालेल्या गाड्या मी केल्यात, त्यांचा चिखल काळा असतो, गटाराचा. हा नदीचा. एकवीसला जगबुडी नदीला पूर आला तेव्हा आमच्या खेडच्या घरात चार दिवस हाच उपसत होतो."

एमएच ०८. २०२१. मी तिथेच स्टुलावर बसलो. त्या पुरात माझ्या आतेभावाचं चिपळूणचं दुकान गेलं होतं. मी स्वतः मुलुंडहून टेम्पोत पाणी आणि चादरी घेऊन गेलो होतो, रस्त्याकडेला चिखलात लोळलेल्या गाड्या या डोळ्यांनी बघितल्या होत्या. त्यातलीच एक असेल मी पैसे देऊन आणलेली.

आतेभावाला नंबर पाठवला. चिपळूणमध्ये नंबरवरून माणूस सापडायला संध्याकाळही लागत नाही. "दादा, डॉक्टर-बिक्टर कोणी नाही, बाजारपेठेतले व्यापारी आहेत, बोल त्यांच्याशी." सज्जन गृहस्थ. गाडी दीड दिवस पाण्यात होती म्हणाले, टपाच्या वर पाणी. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात विकला जातो. यांनी सह्या करून कागद दिले, पैसे घेतले. "मला वाटलं भंगारात गेली असेल. चालतेय?" त्या प्रश्नात खरंच कुतूहल होतं. आरसी कोणी रद्द केली नाही की असा सांगाडा कागदावर जिवंत राहतो. लिलावातून उचलायचा, इंजिन धुवायचं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणाहून जुने पार्ट आणायचे, कव्हर-मॅट चढवायची, एखाद्या नातेवाइकाच्या नावावर दोन वर्षं ठेवायची. किलोमीटर मात्र खरे होते. गाडी चाललीच नव्हती.

नंतर मी ठाण्याच्या अधिकृत वर्कशॉपला नुसता गाडीचा नंबर घेऊन गेलो. दहा मिनिटांत नोंद निघाली. शेवटची सर्व्हिस मार्च २०२१, ४१ हजारांवर. पुढे कोरं. सेंटर बंद झालं तरी नोंद कॉम्प्युटरमध्ये असते, पैसे देण्याआधी गेलो असतो तर एवढंच विचारलं असतं, पुढे काय झालं? विम्याचंही तसंच. माझ्यासमोर डीलरने ठेवलेली पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची होती, २०२२ मध्ये सुरू झालेली. त्याआधीची मागायला हवी होती. विना-दावा सवलत, ज्याला सगळे एनसीबी म्हणतात, ती २० टक्क्यांपासून वर्षागणिक ५० पर्यंत चढते. चढता चढता मधेच तुटली किंवा विम्यात महिन्यांची पोकळी दिसली, तर तिथे काहीतरी घडलेलं असतं. मी पोकळी बघितली होती, खोटं कशाला बोलू. "मालक परदेशात होते, गाडी उभी होती," या उत्तरावर मान हलवली होती.

डीलरकडे गेलो. चहा नाही मिळाला. "जशी आहे तशी, तपासून घेतली, असं लिहून दिलंय तुम्ही." खरंच दिलं होतं, डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात. त्या नोटवर विकणारा म्हणून त्याचं नावच नाही, ठाण्याच्या त्या कागदी मालकाचं आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मी विचारलं नव्हतं, आता विचारलं, तर म्हणाला मी फक्त मध्यस्थ. पाच साठपैकी साडेचार लाख बँकेतून गेले, एक लाख दहा हजार त्याने रोख घेतले, "आरटीओ आणि इतर खर्च" म्हणून. त्याची पावती नाही. माझ्या वयाच्या माणसाने हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

पोलीस चौकीत तक्रार घेतली, शिक्का मारला, व्यवहाराचा वाद आहे म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, त्यांनी नोंद करून दिली. आता बांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा आहे. दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही. माझ्या पावत्या साडेचारचाच व्यवहार दाखवतात, त्यामुळे फी वाचली. वकील हसले, मला नाही आलं हसू. चिपळूणच्या व्यापाऱ्यांनी टोटल लॉसचं पत्र पाठवलं, मेकॅनिकने लिहून दिलं. एका तारखेला समोरचा आला नाही, दुसरीला त्याचा वकील मुदत मागून गेला.

दुरुस्तीचा अंदाज एक लाख नव्वद हजार, वायरिंग हार्नेससकट, आणि हमी कोणी देत नाही. गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी आहे, बॅटरी काढून. गेल्या महिन्यात डीलरचाच फोन आला. आवाज पुन्हा गोड. "दादा, भांडण कशाला वाढवता. आणून लावा, मी गिऱ्हाईक बघतो, साडेतीनला काढून देतो. एअरबॅगचं कोणी विचारलं तर सांगायचं, कंपनी गेली, पार्ट येत नाही."

घरातही दोन मतं झाली, हप्ते चालू आहेत. मी नाही म्हणून सांगितलं आणि त्याच दिवशी फोनचं रेकॉर्डिंग वकिलांना पाठवलं. कार्पेटखालचा गाळ श्रीखंडाच्या डब्यात भरून, वर तारीख लिहून ठेवलाय. आईने दोनदा तो टाकून द्यायला काढला होता. पुढच्या तारखेला बरोबर न्यायचा आहे.