इथिओपियाची तलवार: पाते सोलिंगेनचे की स्थानिक लोहाराचे?

गेंड्याच्या शिंगाची मूठ पाहून निर्णय करू नका. ती दोन्हींवर सापडते. फिरंगी पात्यांवर मराठी मुठी चढत, तसाच हा प्रकार.

पाते उजेडात तिरके धरा. सोलिंगेन या जर्मन शहरातल्या कारखान्यांच्या पात्यावरची पन्हळ, म्हणजे पात्याच्या लांबीने जाणारी खोबण, सरळ आणि एकसारखी असते, कडा काटेकोर. सम्राट मेनेलिक दुसरा (१८८९–१९१३) आणि नंतरच्या काळातल्या अशा बऱ्याच पात्यांवर आम्लाने कोरलेला, मुकुटधारी ज्यूडाचा सिंह, म्हणजे इथिओपियाच्या सम्राटांचे चिन्ह, दिसतो. सोबत गीझ या इथिओपियाच्या लिपीतला मजकूर. त्यावर भुलू नका. ही सजावट युरोपातच, इथिओपियाच्या बाजारासाठी व्हायची. मुठीलगतचा भाग भिंगाखाली बघा, कारखान्याचा शिक्का बहुधा तिथेच असतो. मात्र शिक्का झिजतो, म्हणून माझा भरवसा पन्हळीवर जास्त.

स्थानिक घडणीच्या पात्यावर, विशेषतः कोयत्यासारख्या वाकड्या ‘शोतेल’वर, मधली शीर, म्हणजे उंचवट्याची रेघ, किंचित वाकडीतिकडी जाते, जाडी कमीजास्त होते, हातोड्याचे घाव बोटाला लागतात. पण नुसत्या वाकावरून ठरवू नका, युरोपी कारखान्यांनी शोतेलचीही पाती बनवली.

मला स्वतःला लोहाराचे पाते अधिक मोलाचे वाटते. आणि ते ‘सफाई’च्या नावाखाली घासू नका, घावांच्या खुणा त्यातच पुसल्या जातात.