ओल्या फडक्याने उघडं पाडलेलं 'रिस्टोरेशन'

गाडीच्या आतलं फिकट रंगाचं प्लास्टिक नव्यासारखं करून देतो म्हणणाऱ्या एका डिटेलिंगवाल्याने मला पद्धतशीर फसवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हाच धंदा याच पद्धतीने करणारे पुष्कळ आहेत. ती पद्धत कळली तर तुम्ही त्यातल्या कुणालाही ओळखू शकाल.

माझ्या गाडीचं इंटिरियर बेज रंगाचं. घेताना हा रंग फार देखणा वाटतो, पुढे मात्र त्यावर बुटांचे काळे फराटेच नजरेत भरत राहतात. दारांचा खालचा भाग, आत बसताना पाय घासतो ती पट्टी, पुढच्या सीटच्या पाठीचं प्लास्टिक, सगळीकडे फराटे होते. मागच्या दाराशी सामान चढवता-उतरवताना पडलेले पांढरट ओरखडे वेगळेच. दुकानात मला चार कामं सांगितली: खोल स्वच्छता, ओरखड्यांची दुरुस्ती, मूळ रंगाशी जुळवून पुन्हा रंग आणि वरून सिरॅमिक कोटिंगचा संरक्षक थर. मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. सकाळी गाडी घेतली आणि संध्याकाळी परत दिली.

पॅनेलं चकाकत होती. ओरखडे दिसत नव्हते, आत सुगंध दरवळत होता. मुळात माझी पॅनेलं मॅट होती, म्हणून चमक का आली असं विचारलं, तर उत्तर मिळालं, "मॅडम, नवीन कोटिंग आहे, आठवड्याभरात बसेल." आठवड्याभरात चमकेऐवजी त्यावर धूळच बसली, तीही चिकटून. मग मी साबणाच्या पाण्यात पिळलेला फडका दारावरून फिरवला. फडका तेलकट झाला आणि प्लास्टिक वाळल्यावर सगळे ओरखडे होते तिथेच पुन्हा उमटले. चारपैकी स्वच्छता तेवढी झाली होती, बाकी सिलिकॉनचं ड्रेसिंग, म्हणजे चमक आणणारं तेलकट द्रव्य, फासलं होतं.

या फसवणुकीचं मर्म समजायला डागांमधला एक फरक माहीत हवा. बुटाचा काळा फराटा हा बहुतेक वेळा ओरखडा नसतोच. तळव्याचं रबर घासून प्लास्टिकवर चिकटलेलं असतं, म्हणजे डाग पृष्ठभागाच्या वर असतो. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश आणि मायक्रोफायबरचा फडका एवढ्याने तो बहुधा निघतो. हट्टी असेल तर पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, फक्त आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं, कारण काही गाड्यांत प्लास्टिकवर मऊ स्पर्शाचा रंग दिलेला असतो आणि तो अल्कोहोलने सुटू शकतो. खरा ओरखडा मात्र प्लास्टिकमध्ये असतो. तिथला पृष्ठभाग फाटतो, ताणला जातो, प्रकाश वाटेल तसा विखुरतो आणि रेघ पांढरट दिसते. कुठल्याही साबणाने ती जाणार नाही.

तेल इथेच कामाला येतं. ओरखड्याच्या खाचेतल्या हवेची जागा सिलिकॉनने घेतली की प्रकाश कमी विखुरतो आणि पांढरेपणा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. नुसत्या पाण्यानेही हेच होतं, फरक इतकाच की पाणी मिनिटात वाळतं आणि सिलिकॉन काही दिवस टिकतं. गाडी ताब्यात देऊन पैसे घ्यायला तेवढे दिवस पुरतात. आधीचा फोटो कोरड्या पॅनेलचा आणि नंतरचा ड्रेसिंग लावलेल्याचा असेल, तर तो फोटो खरा असूनही त्यातून दुरुस्ती सिद्ध होत नाही. मला दाखवलेले फोटो आता आठवते तेव्हा त्यांतला उजेडही वेगवेगळा होता.

तक्रार केल्यावर त्यांनी फुकटात "रंगाचा एक हात" मारून देतो म्हटलं. मालाला वॉरंटी आहे हो, असं वर ऐकवलं. ही दुसरी फेरी पहिलीपेक्षा महागात पडली. रंग मारला तो एका दारावर, पॅनेल न काढता, जागच्या जागी. काही ठिकाणी रंगात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते. खाली सिलिकॉन राहिलं की रंग तिथून मागे सरतो, त्याची ही खूण. आर्मरेस्टच्या कडेला नखाने जरा खरवडलं तर रंगाची साल निघाली. प्लास्टिकवरच्या बारीक दाण्यांचा मूळ पोत रंगाने बुजल्यामुळे ते दार बाकीच्या तीन दारांपेक्षा निराळं दिसू लागलं.

शेवटी दुसऱ्या एका कारागिराने ते पॅनेल क्लिपा सोडवून उतरवलं. मागच्या बाजूला साच्यातच उमटलेली खूण होती: पीपी-टीडी२०. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात २० टक्के टाल्क या खनिजाची पूड. आयएसओ ११४६९ या मानकानुसार प्लास्टिकच्या भागांवर अशा खुणा करतात, आणि कुठल्याही रंगकामाआधी ती वाचणं हे खरं तर पहिलं काम. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजासहजी धरत नाही. त्याची पृष्ठऊर्जा कमी असते, म्हणजे त्यावर रंग नीट पसरून चिकटत नाही, म्हणून पृष्ठभाग स्वच्छ करून, घासून, त्यावर अ‍ॅडहीजन प्रमोटर नावाचा रंग धरून ठेवणारा थर द्यावा लागतो आणि मगच रंग. हे ज्याला माहीत नाही त्याचा रंग सोलून निघणारच. एबीएस प्लास्टिकचं उलट आहे. त्यावर रंग धरतो, पण अ‍ॅसिटोन किंवा कडक थिनर लागला की पृष्ठभागच विरघळतो. आणि "सगळ्या प्लास्टिकला एकच औषध" म्हणणारे हेच दोन प्लास्टिक रोज हाताळत असतात!

त्या कारागिराने टॉर्च आडवा धरून आणखी एक गोष्ट दाखवली. दाराच्या तळाशी मूळ मॅट पोतामध्ये चकचकीत चट्टे पडले होते. फराटे काढायला पहिल्या दुकानाने मेलामाइनचा पांढरा स्पंज जोर लावून घासला होता. तो स्पंज पाण्याने डाग काढतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखं काम करतो. हलक्या हाताने, एखाद्या फराट्यापुरता वापरला तर ठीक. सगळ्या पॅनेलवर रगडला तर दाण्यांची टोकं झिजतात आणि ती चमक परत मॅट होत नाही. ड्रेसिंगची चमक धुऊन जाते, ही जात नाही. दोन्ही "कोटिंग"च्या नावाखाली खपवल्या होत्या.

ओरखड्यांवर प्रामाणिक उपाय नाहीतच असं नाही. रंग न दिलेल्या पॉलिप्रॉपिलीनवरचा वरवरचा पांढरेपणा हीट गनने (गरम हवेच्या झोताने), गन सतत फिरती ठेवून, बराच कमी करता येतो. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी पोत सपाट होतो किंवा पॅनेल वाकतं, तेव्हा ज्याने भंगारातल्या तुकड्यावर हात बसवलाय त्यानेच ते करावं. खोल खाच भरून, पोत उठवून, रंग जुळवणं हे वेगळंच कसब आहे, आणि तेही संध्याकाळपर्यंत होत नाही. मला त्या दुसऱ्या माणसाने सरळ सांगितलं, "हे पॅनेलच बदला, मी घासून तुमचे पैसे घेणार नाही." खराब ओरखड्यांच्या बाबतीत हेच उत्तर बहुधा खरं असतं.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी एकच फराटा आणि एकच ओरखडा दाखवा, तेवढेच करून घ्या आणि गाडी घरी न्या. दुसऱ्या दिवशी साबणाच्या पाण्याने स्वतः पुसा, पूर्ण वाळू द्या आणि उन्हात आडव्या नजरेने बघा. काम खरं असेल तर त्याला पुसण्याची भीती नसते. "अजून काही दिवस पाणी लावू नका" अशी अट कोटिंगवाले घालतात. काही कोटिंगना ती खरंच लागते, पण मग कोटिंगचं नाव आणि किती दिवस हे बिलावर यायला हवं. माझ्या बिलावर चार कामांच्या जागी "इंटिरियर ट्रीटमेंट" एवढेच दोन शब्द होते. भांडायला गेले तेव्हा त्यांनी तेच बिल पुढे केलं: ट्रीटमेंट तर झाली की.

रंगाची धूळ स्पीकरच्या जाळीवर आणि सीट बेल्टच्या पट्ट्यावरही आढळली, म्हणजे झाकपाक न करताच फवारा मारला होता. जाळीचं दुखणं दिसण्यापुरतं. पट्ट्याचं तसं नाही. बेल्टचं कापड रंगवू नका, ब्लीच लावू नका असं गाडीबरोबरच्या पुस्तिकांमध्ये बजावलेलं असतं, कारण त्याने धागा कमजोर होऊ शकतो. एअरबॅग असं कोरलेल्या झाकणांनाही रंग, गोंद किंवा सॉल्व्हंट लागू देऊ नये. माझ्या गाडीत तिथपर्यंत फवारा पोचला नव्हता. पॅनेल आणि बेल्ट दोन्ही बदलले. दुकानदाराने खूप घासाघीस करून पॅनेलचे अर्धे पैसे दिले, बेल्टच्या नावाने मात्र हात वर केले.