एका तासाला एक प्रश्न, की प्रश्नांची मालिका?

गणित प्रश्नांतून शिकवायचे, एवढे ठरवून शिक्षकाची निवड पूर्ण होत नाही, कारण या एकाच नावाखाली वर्गांत फार वेगवेगळ्या गोष्टी चालतात. माध्यमिक वर्गांपुरते बोलायचे तर तीन मार्ग विचारात घेण्याजोगे आहेत: एका तासाला एकच प्रश्न घेणारी जपानी पद्धत, पाठ्यपुस्तकाऐवजी प्रश्नांची मालिका चालवणारी अमेरिकेतील फिलिप्स एक्सेटर अकॅडमीची पद्धत, आणि आधी सोडवलेली उदाहरणे व मग प्रश्न हा रुळलेला क्रम.

एकच प्रश्न घेऊन पाहू. २० मीटर दोरीने आयत आखायचा आहे. त्याचे क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती होईल?

जपानी धाटणीच्या तासात प्रश्न फळ्यावर लिहून शिक्षक गप्प राहतो आणि बाकांमधून फिरत कोणाच्या वहीत काय चालले आहे ते टिपून ठेवतो. एक बाजू १, २, ३, ४, ५ मीटर घेत बहुतेकांचा ९, १६, २१, २४, २५ असा क्षेत्रफळांचा तक्ता तयार होतो; एखादी मुलगी मात्र प्रत्येक क्षेत्रफळ २५ मधून वजा करते आणि १६, ९, ४, १ असे ओळीने वर्ग आलेले पाहून थबकते. आधी तक्तेवाल्याला आणि नंतर तिला फळ्यावर बोलावले, तर बाजू ५ पासून क ने कमी-जास्त धरून (५ − क)(५ + क) = २५ − क² हे सूत्र वर्गासमोर आपसूक उभे राहते. तिलाच आधी बोलावले, तर बाकीचे ते नुसते उतरवून घेतात. या चर्चेला जपानीत ‘नेरिआगे’, म्हणजे मळून-घोटून तयार करणे, असे म्हणतात, आणि शिक्षकाचे खरे कसब तेथेच लागते.

एक्सेटरमध्ये असा प्रश्न एका तासात संपवत नाहीत. आज तक्ता, काही दिवसांनी बैजिक राशी, पुढे आलेख, आणि मध्ये भूमितीचे प्रश्न, अशी ती वीण असते. विद्यार्थी घरी प्रयत्न करून येतात आणि दानशूर एडवर्ड हार्कनेस यांच्या १९३० च्या देणगीतून रूढ झालेल्या लंबगोल टेबलाभोवती, साधारण बारा जणांत, त्यावर बोलतात. पद्धत मोहक आहे. पण वर्ग चाळिसांचा असेल आणि निम्मे जण गृहपाठ न करता आले, तर तास जागीच अडतो.

तिसऱ्या मार्गाला जुनाट म्हणून बाजूला सारणे बरोबर नाही. स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, सोडवलेली उदाहरणे अभ्यासणाऱ्यांनी तशाच प्रकारची पुढची उदाहरणे अधिक लवकर सोडवली. नवशिक्याच्या कार्यस्मृतीवर, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवता येते तेवढ्या मर्यादित जागेवर, शोधाशोधीचा भार पडत नाही, हे त्याचे कारण. मात्र विद्यार्थी सरावले की हा फायदा ओसरतो. उलट शिक्षण-संशोधक मनू कपूर यांच्या अभ्यासांत आधी धडपडून मग शिकवणी मिळालेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. मात्र ती धडपड शिकवणीशिवाय सोडून दिलेली नव्हती, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

म्हणून मोठ्या वर्गाच्या शिक्षकाने प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एक-प्रश्नी तासाने करावी आणि अवयव पाडण्यासारख्या तंत्रांसाठी सोडवलेली उदाहरणेच वापरावीत, असे माझे मत आहे. प्रश्न निवडताना वर्गातून येऊ शकणाऱ्या रीती, चुकीच्या धरून, आधी कागदावर लिहून काढाव्यात. अशा किमान तीन रीतीही सुचल्या नाहीत, तर तो प्रश्न सरावासाठी ठेवावा.