बारा वर्षांच्या सेडानचे मायलेज वाढवताना काय उपयोगी पडले

आमची पेट्रोलवरची चार दारांची सेडान बारा वर्षांची झाली, तेव्हा तिचे ॲव्हरेज लिटरला साडेबारा किलोमीटरपर्यंत घसरलेले होते. गाडी विकायची नव्हती, म्हणून वर्षभरात तिच्यावर जे बदल केले आणि जी उपकरणे वापरून पाहिली, त्यांचा हा अभिप्राय आहे. प्रत्येक बदलानंतर निदान तीन टाक्या एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरल्या आणि त्यांची सरासरी काढली, कारण एका टाकीचा आकडा रहदारी, हवामान आणि पेट्रोल भरणाऱ्याचा हात यांमुळे सहज इकडेतिकडे होतो.

सर्वांत मोलाची ठरलेली वस्तू मायलेज वाढवण्यासाठी विकली जात नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या संगणकातले दोष तपासण्यासाठीच्या जोडणीत) बसणारा आणि मोबाइलवर इंजिनाची माहिती दाखवणारा तो लहानसा स्कॅनर आहे. त्याआधी एका गॅरेजमध्ये ‘इंजिन म्हातारे झाले, आता एवढेच ॲव्हरेज मिळणार’ असे सांगून इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून दिले होते आणि त्याने काहीही फरक पडला नव्हता. स्कॅनर लावून मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली, तेव्हा सिग्नलवर ८८ अंशांवर असलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वेग घेतल्यावर ६८ अंशांपर्यंत उतरताना दिसले. डॅशबोर्डवरचा काटा मात्र मध्यापासून जेमतेम केसभर खाली आला होता, त्यामुळे ही गोष्ट इतके दिवस कोणाच्याच लक्षात आली नव्हती. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. इंजिन पुरेसे तापत नाही तोवर त्याचा संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, शिवाय थंड तेल घट्ट असल्यामुळे घर्षणही वाढते.

दुसरा दोषही त्याच पडद्यावर सापडला. मिश्रणात कायमस्वरूपी किती पेट्रोल वाढवावे किंवा घटवावे लागते, हे सांगणारा ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’चा आकडा अधिक ११ टक्क्यांवर होता. निरोगी इंजिनात तो शून्याच्या आसपास राहतो. एक्झॉस्टमधल्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे पाहणाऱ्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज साधारण ०.१ आणि ०.९ व्होल्ट यांच्या दरम्यान झरझर वरखाली व्हायला हवा, पण आमच्या गाडीत तो सुस्तावल्यासारखा बराच वेळ खालीच रेंगाळत असे. सेन्सर ‘पेट्रोल कमी पडते आहे’ असे चुकीचे सांगत होता आणि संगणक इमानेइतबारे ते वाढवत होता. डॅशबोर्डवरचा इंजिनातल्या बिघाडाचा दिवा मात्र कधीच लागला नव्हता. इथे एक खबरदारी आवर्जून सांगावीशी वाटते: रबरी नळीला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असेल, तरीही हा आकडा असाच वाढतो, म्हणून नळ्या आणि त्यांचे जोड नीट तपासल्याशिवाय नवा सेन्सर विकत घेऊ नये. आम्ही थर्मोस्टॅट आणि सेन्सर दोन्ही बदलले, तेव्हा ट्रिम २ टक्क्यांवर आला आणि ॲव्हरेज १४.२ झाले. पुढे केलेल्या कोणत्याही बदलाने याच्या निम्माही फरक पडला नाही.

त्यानंतर कमी घर्षणाचे टायर घेतले. यांच्या रबरात सिलिका मिसळलेली असते, त्यामुळे फिरताना टायर वारंवार दबून उष्णतेच्या रूपात वाया जाणारी ऊर्जा कमी होते. पहिल्या दोन महिन्यांत मात्र हिशेब उलटाच दिसला, मायलेज किंचित घटलेच. कारण शोधले तेव्हा समजले की जुन्या टायरची नक्षी २ मिलिमीटरपर्यंत झिजली होती आणि नव्यांची ८ मिलिमीटर आहे, म्हणजे सुमारे ३०० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकात २ टक्क्यांची वाढ झाली. मोठे चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेते, त्यामुळे ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो. शिवाय जाड नक्षीचा नवा टायर झिजलेल्या टायरपेक्षा मुळातच थोडा जड फिरतो. उपग्रहावर आधारित नकाशाशी अंतर ताडून आकडे दुरुस्त केले, तेव्हा थोडा फायदा दिसला आणि टायर झिजत जातील तसा तो वाढेल असे वाटते. चालू स्थितीतले टायर फेकून हे घेण्यात अर्थ नाही, पण टायर बदलायची वेळ आलीच असेल तर जरूर घ्यावेत. घेताना ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणीही पाहावी, कारण इंधनाच्या बचतीसाठी ब्रेक लागण्याचे अंतर वाढवणे मला मान्य नाही. हवा दारावरच्या तक्त्यात सांगितल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वर्षातून एकदा लागणारा टपावरचा कॅरियर काढून ठेवला आणि मागच्या एका दुरुस्तीत हरवलेला इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा पुन्हा बसवून घेतला. लांबच्या प्रवासात दोन्हींचा परिणाम जाणवला, शिवाय वाऱ्याचा आवाजही घटला. बंपरची खालची जाळी अर्धी झाकण्याचा प्रयोग मात्र आठवडाभरात मोडीत काढला. रेडिएटरसमोरच एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर असल्यामुळे रहदारीत पंखा जवळपास अखंड फिरू लागला, आणि जुन्या कूलिंग यंत्रणेवर हा ताण टाकणे शहाणपणाचे वाटले नाही.

इंधनाच्या नळीवर लावायच्या चुंबकाने आकड्यात कसलाही बदल झाला नाही. अमेरिकेतल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मायलेज वाढवण्याचा दावा करणारी शंभरहून अधिक उपकरणे तपासली असून त्यांतील बहुतेक निरुपयोगी आढळली आहेत. जास्त हवा ओढणाऱ्या महागड्या एअर फिल्टरबद्दलही माझे मत अनुकूल नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत येणारी हवा मोजूनच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे फिल्टर चोंदला तर मायलेजपेक्षा पिकअप अधिक बिघडते. अशा फिल्टरवरचे तेल जास्त झाले, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर थर बसण्याचा धोका असतो तो वेगळाच.

यातले काहीही करण्याआधी एक तपासणी मात्र घरीच आणि फुकट करता येते. थोडे अंतर शक्य तितके कमी ब्रेक मारत चालवून गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न टेकवता धग पाहावी. आमच्या मागच्या डाव्या चाकाची धग बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त लागली. त्या चाकाच्या ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेकच्या चकतीला पॅडने दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्या होत्या आणि ते चाक कित्येक महिने ब्रेक घासतच फिरत होते.