झोप येत नाहीये? संथ श्वास की स्नायू सैल सोडणं

रात्री 2 वाजता छताकडे बघत पडलेल्या माणसाला दहा उपाय सांगून काही होत नाही, म्हणून दोनच घेते.

संथ श्वास सगळ्यात सोपा. 4 सेकंद आत, 6 ते 8 सेकंद बाहेर. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारा मज्जातंतू) हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून बाहेरचा श्वास लांब हवा, बाकी आकड्यांचं टेन्शन घेऊ नका. मध्येच जाग आली तर हेच बरं, कारण कूससुद्धा बदलावी लागत नाही. पण काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं, त्यांनी जबरदस्ती करू नये.

दुसरी पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची, जवळपास 100 वर्षं जुनी. पायाची बोटं 5 सेकंद आवळायची आणि एकदम सोडून द्यायची, 15-20 सेकंद ते सैलपण नुसतं अनुभवायचं, मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी जबडा, जो आपण दिवसभर आवळून धरलेला असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो! 15 मिनिटं जातात. दुखरा भाग सोडून द्या. डोक्यात विचारांचा गोंधळ असेल तर मला हीच जास्त पटते, कारण मनाला धरायला काहीतरी ठोस मिळतं.

दोन्हीची प्रॅक्टिस मात्र दिवसा करा, पहिल्यांदाच मध्यरात्री केलं तर जमत नाही. साधारण 20 मिनिटांत झोप नाहीच आली तर उठून मंद उजेडात बसा. आणि आठवड्यातून 3 रात्री असं 3 महिने चाललं असेल तर प्लीज डॉक्टरांना दाखवा.