आर्डुइनो, ईएसपी३२ की पिको: डॉक्युमेंटेशन बघून ठरवायचं असेल तर

नवीन प्रोजेक्टला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्राम करता येतो असा छोटा कॉम्प्युटर) कुठला घ्यायचा, आर्डुइनो, ईएसपी३२ की रास्पबेरी पायचा पिको, असं विचारलं की लोक क्लॉक स्पीड, रॅम, वायफाय आहे का, पिना किती एवढंच सांगतात. बोर्ड येतो, एलईडी ब्लिंक होतो, सगळे खूश, आणि मग एखादी पिन सांगितल्यासारखी वागत नाही आणि ती का वागत नाही हे कुठेच लिहिलेलं सापडत नाही तिथून खरं काम सुरू होतं. म्हणून मी इथे स्पीड आणि रॅम बाजूला ठेवून फक्त एकाच गोष्टीवर तुलना करतोय, की अडकलात तर उत्तर लिहिलेलं मिळेल का, आणि मिळालं तर ते तुमच्या हातातल्या व्हर्जनचं असेल का. माझ्या मते डॉक्युमेंटेशन हा बोर्डाचाच भाग आहे, रेझिस्टर आणि कनेक्टरसारखा, तो नसेल तर बोर्ड अर्धाच मिळालाय.

आणि ही अडचण काही थोड्या लोकांची नाहीये. गिटहबने २०१७ मध्ये ओपन सोर्सवर मोठा सर्व्हे केला होता त्यात ९३ टक्के लोकांनी सांगितलं की अर्धवट किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन आम्ही पाहिलंय, आणि त्याच सर्व्हेत ६० टक्के कॉन्ट्रिब्युटर म्हणाले की आम्ही डॉक्समध्ये क्वचित किंवा कधीच भर घालत नाही. म्हणजे त्रास जवळपास सगळ्यांना, लिहायला मात्र थोडेच.

आर्डुइनो

२००५ मध्ये इटलीत सुरू झालेला हा प्रोजेक्ट इतका पसरला त्यात चिपपेक्षा रेफरन्स पेजेसचा वाटा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक फंक्शनचं वेगळं पान, त्यात ते काय घेतं, काय देतं, आणि खाली चालणारं छोटं उदाहरण. ज्याने आयुष्यात कोड लिहिला नाही तो माणूसही पहिल्या संध्याकाळी सेन्सर वाचू शकतो, आणि हे जमवणं अजिबात सोपं नाही. युनो या त्यांच्या प्रसिद्ध बोर्डाची स्केमॅटिक (सर्किटचा नकाशा) आणि बोर्ड फाइल्स उपलब्ध आहेत, आणि युनो आर३ वरच्या एटीमेगा३२८पी चिपची डेटाशीट शेकडो पानांची आहे, रजिस्टर न् रजिस्टर समजावलेलं.

पण लायब्रऱ्यांकडे आलात की चित्र बदलतं. लायब्ररी मॅनेजरमध्ये हजारो लायब्रऱ्या आहेत, त्यातल्या कितीतरींचं डॉक्युमेंटेशन म्हणजे एक्झाम्पल्सच्या फोल्डरमधली दोन स्केचेस, बास. फंक्शन एरर आला तर काय परत देतं, इंटरप्टमधून बोलवलं तर चालतं का, दोन सेन्सर एकाच बसवर लावले तर काय, हे शोधायला सोर्स उघडावा लागतो. दुसरी गोष्ट नावाची. २०२३ मध्ये युनो आर४ आला, आकार तोच, पिना त्याच जागी, नावही युनोच, पण आत रेनेसासची ३२ बिट चिप. जुनी ट्युटोरियल्स जी साध्या डिजिटलराइटवर चालतात ती चालतील, पण जिथे स्पीडसाठी पोर्टबी वगैरे रजिस्टरला थेट हात घातलाय तो कोड आर४ वर कंपाइलच होत नाही, आणि ट्युटोरियलवर नुसतं "युनोसाठी" लिहिलेलं असतं. त्यामुळे युनो घेताना आर३ का आर४ हे आधी ठरवा आणि शोधतानाही तो शब्द टाकून शोधा.

ईएसपी३२

२०१४ च्या सुमाराला ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीचीच ईएसपी८२६६ चिप सगळीकडे दिसायला लागली तेव्हा कागदपत्रं बहुतेक चिनी भाषेत होती आणि लोकांनी मिळून ती उलगडली, त्याच्याशी तुलना केली तर आजचं एस्प्रेसिफचं डॉक्युमेंटेशन बघून खरंच आनंद होतो. ईएसपी-आयडीएफ, म्हणजे त्यांचं अधिकृत डेव्हलपमेंट फ्रेमवर्क, त्याच्या पानावर वरच चिप निवडायची, साधी ईएसपी३२, एस३, सी३, सी६ जी असेल ती, आणि शेजारी व्हर्जन निवडायचं, की पूर्ण पान त्यानुसार बदलतं. माझ्या दृष्टीने हे फीचर पानं किती आहेत त्यापेक्षा जास्त मोलाचं आहे, कारण चुकीच्या व्हर्जनचं बरोबर उत्तर हे सगळ्यात जास्त वेळ खातं. एका मोठ्या व्हर्जनवरून दुसऱ्यावर जायचं तर मायग्रेशन गाइड वेगळं आहे.

मग अडतं कुठे? आर्डुइनोच्या मार्गाने ईएसपी३२ वापरणारे तिथे अडतात. ईएसपी३२ साठीचा आर्डुइनो कोर (आर्डुइनोची फंक्शन्स त्या चिपवर चालवणारं सॉफ्टवेअर) ३.० आला २०२४ मध्ये आणि पीडब्ल्यूएमसाठी (पल्स देऊन एलईडीचा उजेड वगैरे कमीजास्त करायला) जे लेडसीसेटअप आणि लेडसीअटॅचपिन सगळे वापरायचे ते काढून टाकले, त्याजागी लेडसीअटॅच आलं. अधिकृत मायग्रेशनच्या पानावर हे व्यवस्थित लिहिलंय, पण इंटरनेटवर पडून असलेली जुनी ट्युटोरियल्स कोण बदलणार, ती आजही सर्चमध्ये वर येतात, आणि नवशिक्या माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

याहून मोठा घोळ बोर्डांचा. चिपचे डॉक्स एस्प्रेसिफ लिहितं पण बोर्ड कोणीही बनवतं, आणि बऱ्याच बोर्डांबरोबर मिळतं ते फक्त एक रंगीत पिनआउटचं चित्र. त्या चित्रात सगळ्या पिना सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात मूळ ईएसपी३२ वर जीपीआयओ ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतले पुलअप (पिन मोकळी असताना हाय ठेवणारे रेझिस्टर) नाहीत, ६ ते ११ सहसा फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात, वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिनांवर ॲनालॉग रीडिंग घेता येत नाही, आणि १२ नंबरची पिन बूट होताना हाय असली तर चिप फ्लॅशला १.८ व्होल्टची समजते आणि बोर्ड चालूच होत नाही. हे सगळं चिपच्या कागदपत्रांत आहे, एकही गोष्ट लपवलेली नाही. पण बोर्ड विकणाऱ्याने ते चित्रात दाखवलं नाही तर घेणाऱ्याला कळणार कसं? मला याचा मनापासून राग येतो, कारण चार ओळींची टीप टाकली असती तर किती लोकांचे किती तास वाचले असते.

पिको

जानेवारी २०२१ मध्ये रास्पबेरी पायचा पिको आला तेव्हा त्यातल्या आरपी२०४० चिपची डेटाशीट मी नुसती वाचायला म्हणून उघडली आणि वाचतच राहिलो, सहाशेच्या वर पानं आहेत पण माणसाने माणसासाठी लिहिल्यासारखी. रजिस्टरच्या तक्त्याआधी ते का आहे हे सांगितलंय, पीआयओसारखी (पिनांसाठीचे प्रोग्राम करता येणारे छोटे ब्लॉक) नवी कल्पना उदाहरणं देऊन उलगडलीय, सी आणि पायथन एसडीकेची स्वतंत्र पुस्तकं आहेत, आणि स्वतःचा बोर्ड बनवायचा असेल तर हार्डवेअर डिझाइनचं वेगळं पुस्तक आणि सोबत मिनिमल बोर्डाच्या कायकॅड (पीसीबी डिझाइनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) फाइल्स. क्रिस्टल कुठला, कपॅसिटर कुठे ठेवायचा, ट्रेस कसे काढायचे, सगळं.

मला सगळ्यात जास्त पटतो तो शेवटचा भाग, इरेटा, म्हणजे चिपमधल्या दोषांची यादी. २०२४ मध्ये पुढची चिप आरपी२३५० आली आणि लवकरच लोकांच्या लक्षात आलं की इनपुट पिनवर आतलं पुलडाउन नीट काम करत नाही, पिन मधल्याच व्होल्टेजवर अडकून राहते. डेटाशीटमध्ये तो दोष ई९ नावाने नोंदवला गेला, कधी होतो, काय करायचं, बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमीचा रेझिस्टर लावा, असं स्पष्ट. स्वतःच्या चिपमधली चूक स्वतःच्या डेटाशीटमध्ये लिहिणारा प्रोजेक्ट मला बिनचूक असल्याचा दावा करणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त विश्वासाचा वाटतो.

उणीव आहेच. सी, सीमेक, लिंकर वगैरे तुम्हाला माहीत आहे असं बऱ्याच ठिकाणी गृहीत धरलंय, आणि पिकोवर आर्डुइनोसारखं काम करायचं तर कम्युनिटीने बनवलेला कोर जास्त वापरला जातो आणि त्याचे डॉक्स तिसऱ्याच जागी आहेत. पिको आणि पिको डब्ल्यू यांच्यातही फरक आहे, पिकोवरचा एलईडी जीपीआयओ २५ वर आहे आणि डब्ल्यूवर तो वायरलेस चिपला जोडलाय, म्हणून जुनं ब्लिंकचं उदाहरण डब्ल्यूवर टाकलं तर काहीच होत नाही आणि माणूस पहिल्याच पायरीवर गोंधळतो.

ओपन आहे पण कागद नाही

पिकोची चिप ओपन नाही. सिलिकॉनचं डिझाइन कंपनीबाहेर कुणाला मिळत नाही, पिको डब्ल्यूच्या वायरलेस भागाचं फर्मवेअरही बंद आहे. उलट "शंभर टक्के ओपन हार्डवेअर" लिहिलेले असंख्य रेपो आहेत ज्यात गर्बर फाइल्स (फॅक्टरीत पीसीबी छापायला देतात त्या), एक स्केमॅटिकची पीडीएफ आणि चार ओळींची रीडमी एवढंच असतं. मग घ्यायचं कुठलं?

इथे एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. सॉफ्टवेअरची ओपन सोर्स डेफिनिशन बघितली तर त्यात सोर्स कोड द्या असं आहे, डॉक्युमेंटेशनची अट नाही. ओपन सोर्स हार्डवेअरच्या डेफिनिशनमध्ये मात्र पहिलाच मुद्दा डॉक्युमेंटेशनचा आहे, आणि त्यात स्वच्छ सांगितलंय की बदल करता येतील अशा मूळ डिझाइन फाइल्स हव्यात, कॅडमधून बाहेर काढलेलं छपाईयोग्य आर्टवर्क त्याच्या जागी चालणार नाही, कारण ते कंपाइल केलेल्या कोडसारखं आहे. त्या हिशोबाने नुसते गर्बर देणारा बोर्ड ओपन म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, तसंच फक्त एसटीएल (तयार आकाराची फाइल) दिलेला थ्रीडी प्रिंटचा पार्ट. छापता येईल, एक भोक दोन मिलिमीटर सरकवायचं म्हटलं की हात बांधलेले. ओशवाचं (ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन) सर्टिफिकेट २०१६ पासून आहे, ते असेल तर चांगलंच, पण त्यातून फाइल्स शेअर केल्यात एवढं कळतं, त्यावरून तुम्हाला बोर्ड उभा करता येईल का हे तुम्हालाच तपासावं लागतं.

मी तपासतो ते असं: बीओएममध्ये (लागणाऱ्या पार्ट्सच्या यादीत) नुसतं "१० मायक्रोफॅराड" लिहिलंय का उत्पादकाचा पार्ट नंबर आहे, बोर्डावर छापलेली रिव्हिजन आणि रेपोमधली रिव्हिजन जुळते का, असेंब्ली झाल्यावर कुठल्या टेस्ट पॉइंटवर किती व्होल्ट दिसायला हवेत हे दिलंय का. तिसरी गोष्ट असेल तर तो प्रोजेक्ट घ्याच, कारण ते लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या टेबलावर तो बोर्ड कसा चालेल याचा विचार केलेला असतो. फाइल्स कुठल्या फॉरमॅटमध्ये आहेत तेही बघा. ईगल हे पीसीबी डिझाइनचं सॉफ्टवेअर ७ जून २०२६ पासून बंद होणार असं ऑटोडेस्कने २०२३ मध्येच जाहीर केलेलं, आणि जुन्या कितीतरी ओपन बोर्डांच्या फाइल्स ईगलमध्ये आहेत. कायकॅड त्या इम्पोर्ट करतं, पण इम्पोर्ट झाल्यावर सगळं तपासायचं काम तुमचं.

फर्मवेअर: मार्लिन की क्लिपर

थ्रीडी प्रिंटरवाल्यांसाठी थोडक्यात, मार्लिन आणि क्लिपर ही प्रिंटर चालवणारी दोन ओपन सोर्स फर्मवेअर. मार्लिनच्या साइटवर प्रत्येक जीकोडचं (प्रिंटरला दिल्या जाणाऱ्या आज्ञेचं) पान आहे, आणि कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्येच कमेंट्स इतक्या की तीच मॅन्युअल म्हणून वाचता येते, पण फाइल प्रचंड आहे आणि तयार कॉन्फिगरेशन वेगळ्या रेपोमध्ये, ते तुमच्या मार्लिन व्हर्जनशी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर कंपाइल करताना अडतं. क्लिपरचे डॉक्स कोडच्याच रेपोमध्ये राहतात, आणि त्यात एक पान असं आहे की कुठल्या तारखेला कुठलं सेटिंग बदललं किंवा काढलं याची नोंद. अपडेट केल्यावर प्रिंटर बिघडला तर ते एक पान वाचून बऱ्याचदा उत्तर मिळतं. पण क्लिपरमध्ये "हा अमुक प्रिंटर, आता हे दाबा" असा हात धरून नेणारा भाग कमी आहे, रेफरन्स वाचायची सवय नसेल तर सुरुवातीला जड जातं. टर्मिनलची भीती नसेल तर क्लिपर, नाहीतर मार्लिन, आणि तेही तुमच्या प्रिंटरचं तयार कॉन्फिगरेशन आहे याची खात्री करून.

विकी, रेपो, चॅट

डॉक्स कुठे राहतात यावरून ते किती टिकतील याचा अंदाज येतो. कोडच्या शेजारी रेपोमध्ये असतील तर बदल आणि त्याची माहिती एकाच पॅचमध्ये येऊ शकते, पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये तसंच होतं आणि त्यामुळे त्यांच्या प्रत्येक व्हर्जनचं मॅन्युअल वेगळं आणि पूर्ण आहे. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाले मॅन पेजमधली (कमांडच्या मॅन्युअलमधली) चूक हा बग मानतात. विकी चांगला असू शकतो, आर्च लिनक्सचा विकी दुसऱ्या डिस्ट्रोवालेसुद्धा वापरतात, पण त्यासाठी सतत झाडलोट करणारी माणसं लागतात, ती नसली की पाच वर्षांपूर्वीचं पान आजच्या पानाशेजारी तसंच उभं असतं. आणि सगळी माहिती फक्त चॅट सर्व्हरवर असेल तर मी सरळ पुढच्या प्रोजेक्टकडे जातो, कारण ते सर्च इंजिनला सहसा दिसत नाही आणि तोच प्रश्न तोच थकलेला माणूस रोज उत्तरतो.

मग घ्यायचं काय

शिकायला सुरुवात करताय किंवा मुलांना शिकवताय तर आर्डुइनो युनो आर३, कारण जुनी ट्युटोरियल्स त्यावर जशीच्या तशी चालतात. वायफाय हवंय तर ईएसपी३२, पण बोर्ड असा घ्या ज्याची स्केमॅटिक मिळते, आणि शक्य असेल तर आयडीएफच्या डॉक्समधून शिका, सुरुवातीला वेळ जास्त लागेल तरी. स्वतःचा पीसीबी बनवायचाय किंवा प्रॉडक्ट काढायचंय तर माझं मत पिकोच्या चिपला, ती ओपन नसली तरीही, कारण प्रॉडक्टमध्ये दोष आधी माहीत असणं हे लायसन्सइतकंच कामाचं आहे. आणि डिझाइनमध्ये खोलवर बदल करायचेच असतील तर बीगलबोन ब्लॅक बघा, २०१३ चा जुना बोर्ड आहे पण डिझाइन फाइल्स आणि सिस्टिम रेफरन्स मॅन्युअल दोन्ही आहेत, प्रोसेसरचं मॅन्युअल चार हजार पानांच्या वर आहे त्याची मात्र तयारी ठेवा. जे घ्याल त्याच्या डॉक्सची कॉपी त्याच दिवशी डाउनलोड करून ठेवा, रेपोचा नेमका टॅग आणि डेटाशीटची नेमकी रिव्हिजन, दोन वर्षांनी तोच बोर्ड दुरुस्त करायला घेतला तर साइटवर पुढच्या व्हर्जनचं पान असेल.